अठरा दिवस जास्तीचे

१२ मार्च

प्रिय नकट्या,

तारीख चुकली आहे आणि ती मी घातलेली आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एरवी लिहिलं नसतं. तीन वर्षं तू लिहिलं नाहीस, मीही नाही. हट्ट आपल्या दोघांत अगदी समसमान वाटला गेला आहे.

तुझ्या चार ओळी काल दुपारी पोचल्या. ‘ताई, अभिनंदन. दहा एप्रिल म्हणजे निकालाचा दिवस, तेव्हा तारीख तुझीच असणार. त्या दिवशी इथली नदी काठ सोडून वाहत असते, होडी घालता येत नाही, आणि माझी सत्तावीस माणसं पलीकडच्या काठावर आहेत. भूगोल तू शिकवत होतीस ना?’

तोंडात मारल्यासारखं झालं. त्यासाठीच लिहिलं असशील तर ते साधलं.

झालं ते असं. आम्ही अर्ज लिहायला बसलो तेव्हा इतर शहरांचे अर्ज ‘ताबडतोब’ आणि ‘विनाविलंब’ असल्या शब्दांनी फुगलेले होते. एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर मला एवढं कळतं, की तारीख दिल्याशिवाय कुणी गृहपाठ करत नाही. म्हणून मी तारीख घातली. निकालाच्या दिवशी मुलांचे बाप घरी असावेत, एवढाच विचार. आपल्या शहरातून अकराशे चाळीस सह्या झाल्या. मग नव्वद शहरांनी तोच अर्ज उतरवून घेतला. गेल्या आठवड्यात सरकारने युद्ध थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझंच वाक्य वाचून दाखवलं: सगळं सैन्य दहा एप्रिलपर्यंत परत.

तीन वर्षांत मी तिथला नकाशा एकदाही नीट उघडला नव्हता. तुम्ही कुठे आहात तेवढं बोट ठेवून पाहिलं होतं. तुमच्याशिवाय तिथे कोण राहतं, ते पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. आत्ता नदीतून बर्फाचे तुकडे वाहत असतील, मग वितळलेलं पाणी येईल. सातवीच्या वर्गाला मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवलं आहे. विमान उतरायला सपाट जागा नाही हेही दिसलं. तू बांधलेला पूल जानेवारीत उडवला, ते वर्तमानपत्रात वाचलं होतं.

आता पाटीचं. तुझी तुकडी निघाली त्या दिवशी फलाटावर ‘हे युद्ध आमचं नाही’ अशी पाटी घेऊन मी उभी राहिले, त्याची माफी मागणार नाही. युद्ध तेव्हाही चूक होतं, आजही आहे. पण गाडीला चौदा डबे होते, आणि मी पाटी तुझ्याच डब्यासमोर धरली. ते मुद्दाम होतं. त्याची मागते.

तारेने कळव: पाणी कधी उतरतं, सत्तावीस म्हणजे कोण कोण, आणि त्यांना मागे ठेवून तुम्ही निघालात तर त्यांचं काय होईल.

बातमी आली त्या दिवशी इथे काय झालं ते तुला माहीत असायला हवं. न्हाव्याने खुर्ची रस्त्यावर काढून येईल त्याची फुकट दाढी केली. दोन बायकांनीही हनुवट्या पुढे केल्या. ट्रामवाला घंटा बडवत एकाच रस्त्यावर चार वेळा गेला आणि एकही प्रवासी उतरला नाही. मी चौकात नाचले असं लोक सांगतात. मला तसं आठवत नाही.

तुझी ताई


१७ मार्च

प्रिय नकट्या,

तार मिळाली, माणसांच्या यादीसकट. अठ्ठावीस एप्रिल. म्हणजे अठरा दिवस. तुमच्या तुकडीसाठी काम केलेली तिथलीच माणसं आणि त्यांची कुटुंबं; तुम्ही गेलात की मारायचे म्हणून त्यांची नावं पलीकडच्या चौकात भिंतीवर लिहून झाली आहेत, हे एक वाक्य पुरेसं होतं. शेवटी ‘कृपया’ कशाला लिहिलंस? तारेत शब्द वाया घालवू नयेत.

उपमंत्र्यांना फोन केला. पाऊण तास ताटकळत ठेवलं. मी फोन ठेवणाऱ्यांपैकी नाही, हे त्यांच्या कारकुनाला चाळिसाव्या मिनिटाला कळलं. उपमंत्री गोड बोलतात. ‘बाई, आम्ही तुमचीच तारीख जशीच्या तशी घेतली. आता आम्ही हलवली तर लोक म्हणतील, बघा, सरकारने शब्द फिरवला. ज्यांनी मागितली त्यांनीच बदलून मागितली, तर गोष्ट वेगळी.’ मग अटी आल्या. मूळ अर्ज आपल्या शहराचा, म्हणून आपल्याच अकराशे चाळीस जणांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी पुन्हा सही करायची. शिवाय सत्तावीसही माणसांना कोण घरात घेणार ते घरोघरच्या सहीनिशी लिहून द्यायचं. अठ्ठावीस मार्चच्या आत.

काल समितीची सभा घेतली. भूगोलाची खोली अजून मला देतात. बारा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर नऊ प्रौढ माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे, दुरुस्ती सगळ्यांना करावी लागेल.

न्हावी म्हणाला, ‘बाई, तीन वर्षं तुम्ही आम्हाला “आत्ता” असं ओरडायला शिकवलंत. आता काय ओरडायचं? “आत्ता, पण जरा दमानं”?’

सगळे हसले. मीही हसले असते, पण समोर बेकरीवाली बसली होती. तिचा एकुलता एक मुलगा तुझ्या तुकडीत होडीवर आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती हसली नाही. उठली. बाक मागे सरकला त्याचा आवाज मोठा झाला.

‘म्हणजे ही सत्तावीस माणसं माझ्याच पोराने पलीकडून आणायची.’

‘त्याने आणि इतरांनी,’ मी म्हटलं.

‘आणि त्या अठरा दिवसांत तो गेला तर?’

‘तर ते माझ्यामुळे झालेलं असेल.’

‘ते घेऊन मी काय करू, बाई?’

ती गेली. सभा चालू राहिली, पण कुणीही तिच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं नाही, आणि मला वर्गातल्या प्रत्येक न बघणाऱ्या नजरेचा अर्थ कळतो.

एक गोष्ट मला तुझ्याकडून हवी आहे. अठरा दिवस कोण थांबणार ते हुकमाने ठरवू नकोस. विचार. सगळे नाही म्हणाले तर मला तसं कळव. मी सह्या गोळा करणं थांबवीन आणि उरलेलं आयुष्य तुझ्याशी भांडेन, पण थांबवीन.

ताई


२२ मार्च

प्रिय नकट्या,

चाळीसपैकी चौतीस. तार हातात घेऊन मी खिडकीशी जरा वेळ उभी होते. बाहेर धूळ फार होती.

चौतिसांत बेकरीवालीचा मुलगा आहे हे मी तिला सांगितलं नाही. ते त्याने सांगायचं.

पाच दिवस दारोदार फिरते आहे. सह्यांची मूळ वही काखेत. प्रत्येकाला त्याचीच सही दाखवते आणि म्हणते, ‘ही तुमची ना? मग आता हिच्याखाली दुसरी करा.’ काहींना वाटलं मी वर्गणी मागायला आले, ते दार उघडण्याआधीच घरी नव्हते.

औषधाच्या दुकानदाराने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘दुभाष्याच्या घरात सहा माणसं, त्यात सासू. सासू कशी आहे?’ तू लिहिलंस तेच वाचून दाखवलं: ‘सासू सगळ्यांना धाकात ठेवते.’ त्याची बायको आतून ओरडली, ‘हो म्हणा! या घरात कुणीतरी हवंच आहे!’

कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी, ज्या एकाच घरात राहून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, त्या दोघींनाही सुईण आणि तिची मुलगी आपल्याकडे हव्यात. मी सुईणीला खालचा मजला आणि मुलीला वरचा दिला. जिन्यावर भेटल्यावर कुणीतरी बोलेलच.

टपाल कचेरीतल्या कारकुनाने मात्र दारातच अडवलं. ‘मी सही युद्धाविरुद्ध केली होती, बाई. पाहुण्यांसाठी नव्हे.’

‘युद्ध कुणाविरुद्ध चाललं होतं असं तुम्हाला वाटतं?’ मी विचारलं. ‘नदीविरुद्ध? तिथे माणसं राहतात, हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं.’

‘तुम्हाला होतं का?’ तो म्हणाला.

बरोबर विचारलं. ‘नव्हतं,’ मी म्हटलं, आणि जिना उतरले. आज सकाळी तो स्वतः आला. ‘एक माणूस चालेल. पण बुद्धिबळ येत असलं पाहिजे.’ तुझा मोजणीदार एकटाच आहे ना? त्याला बुद्धिबळ येतं असं मी ठामपणे सांगून टाकलं आहे. येत नसेल तर होडीत शिकव.

आज दुपारी बेकरीत गेले. सही मागायला नव्हे, हे मी स्वतःला रस्ताभर सांगत होते. गिऱ्हाईक नव्हतं. ती लाकडी पाटावर कणकेचे गोळे तोडत होती आणि वर न बघता म्हणाली, ‘तार आलीय त्याची. थांबतोय म्हणे. स्वतः हात वर केला म्हणे.’

मी वही या काखेतून त्या काखेत घेतली.

‘लहानपणी शाळेत कधी हात वर केला नाही त्याने. केला होता?’

‘एकदाही नाही,’ मी म्हटलं. खरंच नव्हता केला.

तिने उरलेले गोळे तोडले. मग म्हणाली, ‘तुमची ती यादी दाखवा.’ पिठाचे हात पुसले, यादी खिडकीशी नेली आणि पहिल्याच ओळीवर थांबली. भट्टीवाला, वय साठ, एकटा.

‘हा!’ ती म्हणाली. ‘हाच तो म्हातारा! तीन वर्षं पोरगा मला प्रत्येक पत्रात लिहितोय, आई, इथे एक म्हातारा आहे, तुझ्यापेक्षा चांगला पाव करतो. प्रत्येक पत्रात, बाई! मी एकवीस वर्षं त्याला खाऊ घातलं आणि हा कोण?’

‘त्याला अजून घर मिळालेलं नाही,’ मी म्हटलं.

‘मिळालं,’ ती म्हणाली. ‘माझ्या भट्टीपुढे उभा राहू दे. बघतेच कसा करतो.’ आणि पेन हिसकावून घेतलं. सही करताना मात्र तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, मी हे तुमच्यासाठी करत नाहीये.’

‘माहीत आहे.’

‘आणि म्हाताऱ्यासाठीही नाही. पोराने हात वर केला म्हणून करतेय. तो हात खाली घ्यायला लावला, तर पोर घरी येईल, पण माझ्याशी बोलायचा नाही.’

मग सही केली. मोठी, दोन ओळी व्यापणारी. मी तिला शाळेत असताना अक्षर लहान काढ म्हणून किती वेळा बजावलं होतं. आज मीच कागद धरून ठेवला.

ताई


३० मार्च

प्रिय नकट्या,

झालं! सहाशे चौऱ्याऐंशी सह्या. घरं सत्तावीस माणसांना पुरून उरली. यादीतल्या सुतार भावांच्या नऊ जणांसाठी तर चार घरं एकमेकांशी भांडत होती. शेवटी छापखानावाल्याला दिले, त्याची मागची इमारत रिकामी आहे आणि नऊ जणांना एकत्रच राहायचं आहे. मी स्वतः वही घेऊन राजधानीला गेले. उपमंत्र्यांनी ती उघडली, चाळली आणि म्हणाले, ‘बाई, एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.’

‘मलाही,’ मी म्हटलं. ‘तारीख लिहा.’

त्यांनी लिहिली. अठ्ठावीस एप्रिल. मी त्यांना त्याखाली महिना अक्षरी लिहायला लावला.

सगळे खूश आहेत असं समजू नकोस. शेजारच्या शहराने आम्हाला युद्धखोर ठरवलं आहे. ज्या सहा जणांनी तुझ्याकडे हात वर केला नाही, त्यांच्यापैकी एकाची आई मला रस्त्यात अडवून म्हणाली, ‘माझा येतोय दहालाच. देव तुमचं भलं करो, पण तुमच्या वहीत माझी सही नाही.’ मी तिच्याशी हात मिळवला. माझ्या दारावर कुणीतरी रात्रीतून खडूने ‘पलटीबाई’ लिहून गेलं. अक्षर वळणदार आहे, माझाच विद्यार्थी असणार. पुसलं नाही.

मी बदलले आहे का, याचा विचार केला. नाही. युद्ध चूक होतं. पण चुकीचं काम थांबवतानाही ते नीट थांबवावं लागतं. कुणाच्या घरात तीन वर्षं विनापरवानगी राहिलो, तर निघताना निदान ज्याने आपल्यासाठी दार उघडलं त्याला दारात उभं करून जायचं नाही. एवढं मला अर्ज लिहिताना सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मला घाई होती, आणि घाई कशाची होती ते तुला कळत असेल तर लिहायला लावू नकोस.

यादीतली शिक्षिका आणि तिचे वडील माझ्याकडे राहतील. तुझी खोली त्यांना दिली आहे. तू बाहेरच्या खोलीत झोपशील. तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

ताई


२६ एप्रिल

नकट्या,

तुझी तार सकाळी आली. सत्तावीसही अलीकडच्या काठावर. सगळे. मी ती तीनदा वाचली, मग तिचा उरलेला अर्धा भाग वाचला.

गोळी लागली नाही, दोर आवळला गेला, प्रवाहाने होडी ओढली, डाव्या हाताची दोन बोटं. तू सगळं नेमकं लिहिलंस ते बरं केलंस. मला ते तिला नेमकंच सांगायचं होतं.

बेकरीत रांग होती. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाट सोडला.

‘जिवंत आहे,’ मी आधी तेच म्हटलं. ‘हात. डावा. दोन बोटं गेली.’

‘कोणती?’

‘शेवटची दोन.’

‘अंगठा?’

‘आहे.’

तिने स्वतःचा डावा हात वर केला, शेवटची दोन बोटं मिटली आणि उरलेल्या तिन्हींनी हवेत कणीक मळून पाहिली. मग ती म्हणाली, ‘बाई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. उद्याही करणार नाही. पाव हवा असेल तर घ्या, आत्ता निघालाय.’

मी दोन घेतले.

तिचं बरोबर आहे. माझी पहिली तारीख राहिली असती तर त्या मुलाच्या हाताला पाचही बोटं असती, आणि सत्तावीस माणसं भिंतीवरच्या नावांखाली उभी असती. हे मी समोरासमोर मांडून पाहिलं. उत्तर येत नाही. फक्त दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एवढंच येतं.

आणि तरी, नकट्या, सत्तावीस! मी पाव घेऊन रस्त्याने चालत होते आणि ट्रामवाल्याने मला बघून ट्राम मध्येच थांबवली. नावाड्याच्या घरची सहा माणसं त्याच्याकडे जायची आहेत. ‘आले?’ त्याने विचारलं. ‘आले,’ मी म्हटलं. त्याने टोपी काढून खिडकीबाहेर फेकली. मग ती आणायला स्वतःच खाली उतरला, आणि ट्राम भरून माणसं टाळ्या वाजवत बसली. या वेळी मी नाचले ते मला आठवतं.

तुमचं जहाज लागेल तेव्हा गोदीवर येते. लवकर येईन. तू उशीर करू नकोस.

ताई


५ मे, गोदी, धक्का क्रमांक तीन

तुझ्या कार्यालयाला प्रत लागते म्हणून ही यादी. धक्क्यावरच, पिंपावर कागद ठेवून लिहिली आहे, अक्षर त्यामुळे.

भट्टीवाला, एक. बेकरीवालीच्या ताब्यात. तिने त्याला नमस्कारही न करता विचारलं, ‘पीठ किती वेळ भिजत ठेवता?’ दुभाष्याने भाषांतर केलं. म्हाताऱ्याने उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही. दोघं बोलतच गेले. दुभाष्याला त्यांच्याबरोबर जावं लागलं, त्याला तासाभराने परत मिळवला.

दुभाष्या, बायको, तीन मुलं, सासू. एकूण सहा. औषधाच्या दुकानदाराकडे. सासूने पहिल्या पाच मिनिटांत दुकानदाराला सरळ उभं राहायला लावलं. त्याची बायको समाधानी.

सुईण आणि मुलगी, दोन. दोघी बहिणींकडे. बहिणींनी सामान कुणी उचलायचं यावरून एकमेकींशी भांडण केलं. अकरा वर्षांतलं पहिलं.

सुतार भाऊ दोन, बायका दोन, मुलं पाच. एकूण नऊ. छापखान्याच्या मागच्या इमारतीत. तिचं दार लागत नाही, हे थोरल्याने आत जाण्याआधीच पाहिलं.

नावाडी, बायको, चार मुलं. एकूण सहा. ट्रामवाल्याकडे. मुलांना घंटा वाजवायला दिली. चूक झाली, अजून वाजते आहे.

मोजणीदार, एक. टपालातल्या कारकुनाकडे. बुद्धिबळ येत नाही. कारकुनाला अजून सांगितलेलं नाही.

शिक्षिका आणि वडील, दोन. माझ्याकडे. ती भूगोल शिकवते, हे मला कुणी कळवलं नव्हतं. नदीला पाणी कधी येतं हे तिने न विचारता सांगितलं. ऐकून घेतलं.

एकूण सत्तावीस. मोजले, दोनदा.

होडीवरचा सैनिक, एक. डाव्या हाताला बोटं तीन. आईच्या ताब्यात. आईने सही केली नाही, कारण तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या वतीने मी केली, तिच्यासारखीच मोठी.

इतर सैनिक, तेहतीस. आपापल्या घरच्यांकडे. सगळे आले.

भाऊ, एक. वजन कमी, डोक्यावर केस कमी, नाक तेच. ताब्यात घेणारी: सख्खी बहीण. ताब्यात देणारा: स्वतःच, कारण वरिष्ठ अधिकारी हजर नव्हता.

शेरा: दोघांनीही एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, त्यामुळे पहिल्यांदा कोण काय म्हणालं याची नोंद नाही.